कळंब रोड : कसबे तडवळ्याचं स्टेशन आणि बार्शी लाइट

तेरणाकाठ
लातूर-कुर्डुवाडी मार्गावर येडशी आणि ढोकीच्या मधे आमचं स्टेशन आहे. पाटीवर नाव 'कळंब रोड', गाव मात्र कसबे तडवळे, जिल्हा धाराशिव. नवखा माणूस कळंब आलं म्हणून पिशव्या घेऊन उतरतो आणि मग विचारतो, "गाव कुठंय?" कळंब इथून उत्तरेला चांगलंच लांब.

गावच्या शाळेत मुलांसमोर स्टेशनवर बोलायला मला बोलावलंय. मुलांना एवढंच माहीत आहे की पूर्वी इथं 'छोटी गाडी' (अरुंद रुळावरची, नॅरोगेज) होती. मला ठाऊक असलेलं थोडक्यात लिहितो. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शी रोड (म्हणजे आजची कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. पुढं ती तडवळ्यापर्यंत आली आणि काही वर्षं आमचं गाव हेच तिचं शेवटचं स्टेशन होतं. 1911 ला ती लातूरला पोचली, 1927 ला दुसऱ्या टोकाला पंढरपूरहून मिरजेला. 1954 मध्ये सरकारनं कंपनीकडून विकत घेतली. 2007-08 मध्ये आमच्या बाजूचं ब्रॉडगेज (मोठा, रुंद रूळ) झालं आणि छोटी गाडी संपली.

माझं मत आधीच मांडतो. ब्रॉडगेजनं लातूरचं आणि धाराशिवचं भलं केलं, लहान स्टेशनांचं नाही. नॅरोगेज हळू होती पण प्रत्येक दारात थांबत होती. तुमचं काय म्हणणं? आणि मुलांना नेमकं काय सांगावं? आठवणी, माहिती, जुने फोटो, जे असेल ते टाका.

बालाघाटी
वा! धागा वाचनखुणेत. येडशीचा आहे, सवडीनं लिहितो.

मोडनिंबकर
आमच्याकडं म्हण होती, बार्शी लाइटनं निघालेला पाहुणा सुपारीला निघाला तर बारशाला पोचतो.

इंजिनवेडा
तेरणाकाठ, मुलांना एव्हरार्ड कॅलथ्रॉपबद्दल नक्की सांगा. हा इंग्रज इंजिनियर 1882 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरीला म्हणून हिंदुस्थानात आला. जीआयपीचा मुंबई-सोलापूर मार्ग बार्शीला बाजूला टाकून गेला होता. बार्शीची बाजारपेठ मोठी. कापूस, गळिताचं धान्य, डाळी सगळं बैलगाड्यांनी बार्शी रोड स्टेशनपर्यंत यायचं. एवढ्या मालाला मोठा रूळ परवडणार नाही आणि बैलगाडी पुरणार नाही, हे त्यानं हेरलं आणि अडीच फुटी (762 मिमी) मार्गाची योजना मांडली.

अडीच फुटी गाड्या इतरत्रही होत्या. त्याचं वेगळेपण वजनाच्या हिशेबात होतं. रूळ हलके घ्यायचे, वाराला 30 पौंडांचे. हलक्या रुळावर चाकांच्या जोडीचा कुठलाही आस (ॲक्सल) 5 टनांपेक्षा जास्त भार टाकणार नाही, मग तो इंजिनाचा असो की मालडब्याचा. म्हणून इंजिनही सहा आसांवर वजन वाटून बनवलं. लीड्सच्या किटसन कंपनीनं ती इंजिनं बांधली. रूळ स्वस्त, पूल स्वस्त, आणि तरी प्रत्येक डब्यात भरपूर माल. इथं आणण्याआधी 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरता मार्ग टाकून त्याची चाचणी घेतली होती आणि बाहेरच्या इंजिनियरांना बोलावून दाखवली होती. जगभरच्या नॅरोगेजवाल्यांनी त्यातून धडा घेतला. एकूण 202 मैलांचा पसारा झाला. मिरज जोडलं गेलं त्याच वर्षी, 1927 ला, कॅलथ्रॉप वारला.

याच माणसानं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, 'गार्डियन एंजल' नावाचं. अरबी घोडेही पाळायचा.

मोडनिंबकर
घोडे, रेल्वे आणि पॅराशूट. बाबाला गावातला माणूस गावात बसलेला बघवत नव्हता.

हरंगूळकर
तेरणाकाठदादा, तुमच्या मताशी मी अजिबात सहमत नाही, आणि हे चिडून नाही, मनापासून लिहितोय.

माझी आई आजारी असताना मुंबईला न्यायची होती. नॅरोगेजच्या काळात म्हणजे आधी छोट्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथं फलाटावर अंथरूण टाकून मोठ्या गाडीची वाट बघणं, मग त्या गाडीत जागा मिळाली तर मिळाली. हेच आज लातूरला रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. शिकवणीला येणारी पोरं, हॉस्पिटलला जाणारी माणसं, यांना विचारा छोटी गाडी हवी का. आमच्या हरंगुळजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला, तो अडीच फुटी रुळावर उभा राहिला असता का?

आठवणी गोड असतात कारण तेव्हा आपण लहान होतो. गाडीत उकडायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि मिरजेच्या गाडीत बसलेली म्हातारी माणसं अवघडून जायची, हेही मुलांना सांगा.

गँगमनचा_नातू
आजोबा या लाइनवर रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये होते, पुढं कीमन झाले. लहानपणी सुट्टीत त्यांच्यासोबत चाललोय म्हणून लिहितो.

कीमन रोज सकाळी आपल्या टप्प्यातली लाइन पायी तपासायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, एका हातात पाना, काखेत गुंडाळलेले लाल आणि हिरवे झेंडे. रूळ ज्या चावीनं स्लीपरला घट्ट धरलेला असतो ती चावी गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होते. आजोबा चालता चालता हातोडा टेकवायचे. घट्ट चावी 'ठण्ण' वाजते, सैल चावी 'भद्' करते. ते गप्पा मारत चालायचे आणि मधेच वाक्य तोडून मागं फिरायचे, कारण कानानं एक 'भद्' पकडलेलं असायचं. दोन घाव, परत टेकवून बघणार, ठण्ण, मग तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं. उन्हाळ्यात रूळ तापून वाढतात, म्हणून दोन रुळांच्या सांध्यात फट ठेवलेली असते. फट बुजली की रूळ वाकायला बघतो. ती फट ते वाकून बोटानं चाचपायचे.

स्टेशनवर आजोबांना वर्दी द्यायची असायची तेव्हा मी मास्तरांच्या खोलीत बसायचो. मास्तर पुढच्या स्टेशनशी बोलून लाइन क्लिअर (गाडी पुढं सोडायची परवानगी) घेणार, ती वेताच्या कड्यात अडकवणार, पॉइंटमन फलाटाच्या कडेला कडं उंच धरून उभा. ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात घालून ते कडं खांद्यावर घेणार. चुकलं तर गाडी थांबवायची. आमच्या पॉइंटमनचं चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

हरंगूळकर म्हणतात ते खरं आहे, त्रास होता. पण शाळेत सांगायचं तर कॅलथ्रॉपच्या बरोबरीनं या माणसांचं सांगा. एका माणसानं लाइन काढली, शंभर वर्षं चालवली ती तडवळ्या-ढोकी-मुरुडच्या माणसांनी.

बालाघाटी
^^^ या प्रतिसादासाठी तुम्हाला दंडवत.

अनुराधा_ढोकी
नातूदादा, 'ठण्ण' वाचून काटा आला अंगावर.

आमची आठवण पासाची. ढोकीला तेरणा कारखाना, त्यामुळे गळीत हंगामात स्टेशन आणि रस्ता दोन्ही गजबजलेले. आम्ही मुली कॉलेजला जायचो. घरच्यांनी एसटीनं पाठवलं नसतं कारण एसटीत गर्दी आणि अनोळखी माणसं. गाडीला पाठवायचे कारण गार्डपासून चहावाल्यापर्यंत सगळे वडलांना ओळखायचे. एका मैत्रिणीला उशीर झाला तर गार्ड तिच्या घराच्या दिशेला बघायचा आणि झेंडा हलवायला जरा वेळ लावायचा. गैरशिस्त होती, मान्य. पण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींचं शिक्षण त्या गार्डच्या गैरशिस्तीवर झालंय. कोणाला आवडो न आवडो, मी हे लिहिणारच.

तिकीट पुठ्ठ्याचं, जाड. मास्तर ते लोखंडी यंत्रात सरकवायचे, खट्कन तारीख उमटायची. धाकटा भाऊ वापरलेली तिकिटं जमवून घरी दुकान मांडायचा.

हरंगूळकर भाऊ, लातूरला गाडी हवीच होती. पण लातूरकरांनी रात्रीच्या गाडीत झोपावं म्हणून आमच्या मुलींनी दिवसा कशानं जायचं, हा प्रश्न कोणी विचारला का?

हरंगूळकर
ताई, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दिवसाच्या सवारी गाड्या वाढवा असं आहे. त्यासाठी रूळ मागं न्यायची गरज नाही. ती मागणी करा, मी सही करतो.

कीर्तनवेडा
पंढरपूरचा विषय कोणी काढलाच नाही! आषाढीला ही लाइन म्हणजे दुसरी वारीच. ज्यांना पायी जमायचं नाही असे म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, सगळे गाडीनं. डबे भरले की मालडब्यात. टपावर बसू नका म्हणून पोलीस ओरडतायत आणि टपावरून 'पुंडलिक वरदे' चा गजर. माझी आजी म्हणायची, इंजिनाची शिट्टी झाली की अर्धा चंद्रभागेचा शीण गेला.

बालाघाटी
आता सविस्तर. येडशीच्या अलीकडं रामलिंगचा घाट. बालाघाटाची ती धार चढताना गाडीचा दम निघायचा. अडीच फुटी रुळाला वळणं तीव्र घेता येतात, म्हणून डोंगर फोडण्यापेक्षा वळसे घेत वर आणली होती. खिडकीतून आपलंच इंजिन समोरच्या वळणावर दिसायचं. पोरं उतरून पळत पुढच्या डब्यात चढायची, हे आमच्या वडलांनी स्वतः केलंय आणि आम्हाला करू दिलं नाही.

रामलिंगला माकडं. गाडी मंदावली की खिडकीत हजर. भाकरीची शिदोरी मांडीवर उघडली की संपलंच. आता तो सगळा भाग अभयारण्यात आहे. ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडून वळवला, म्हणून जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. हे विसरू नका मंडळी: छोट्या गाडीच्या सगळ्या काळात जिल्ह्याचं मुख्य गाव रेल्वेवर नव्हतं आणि कसबे तडवळे होतं!

तेरणाकाठ
बालाघाटी, हे वाक्य मी शाळेत जसंच्या तसं वापरणार.

पुणेरी_पाहुणा
एक शंका. तडवळे तेव्हा निजामाच्या राज्यात होतं ना? मग इंग्रजी कंपनीची रेल्वे तिथं कशी?

सरहद्दीवरचा
होतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. येडशी, तडवळे, ढोकी, मुरुड, लातूर निजामाकडं. रेल्वे कंपनी लंडनची, पण रूळ दोन्ही राज्यांत. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसासाठी गाडीत बसणं म्हणजे राज्य ओलांडणं होतं. इकडं निजामाचा हाली रुपया, तिकडं इंग्रजांचा कलदार. निजामाच्या करोडगिरीचे शिपाई मालावर जकात घ्यायचे. आजोबा सांगायचे, बार्शीच्या बाजाराला जाताना कलदार वेगळ्या कनवटीला.

आणि 1947-48 ला याच सरहद्दीचं महत्त्व एकदम वाढलं. हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं, रझाकारांचा जाच सुरू झाला, तेव्हा आमच्याकडची किती घरं बायका-पोरांना घेऊन बार्शीकडं गेली. सरहद्दीलगत मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि मग लोक परतले. माझी आजी त्या वेळी गाडीनं बार्शीला गेली होती. तिला घरातलं जातं मागं राहिल्याचं शेवटपर्यंत वाईट वाटायचं. पुढं बार्शीत नवीन घेतलं, पण त्यावर दळताना ती ओव्या म्हणत नसे.

वस्तीवरचा
तडवळ्याच्या स्टेशनचा धागा आणि इतक्या प्रतिसादांत 1941 चं नाव नाही, म्हणून लिहायला बसलो.

फेब्रुवारी 1941 मध्ये कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वतनाच्या नावाखाली आमच्या माणसांना जी वेठ करावी लागायची, तिच्याविरुद्धची ही परिषद, आणि तीही निजामाच्या मुलखात. बाबासाहेब याच छोट्या गाडीनं याच स्टेशनवर उतरले, आणि स्टेशनपासून गावात बैलगाडीतून त्यांची मिरवणूक निघाली, असं आमच्याकडं घराघरात सांगतात. माझे पणजोबा त्या गर्दीत होते. त्यांनी पुढं आयुष्यभर स्टेशनवर पाऊल टाकताना आधी वाकून फलाटाला हात लावला, मग तो कपाळाला.

तेरणाकाठ, तुम्ही बार्शी, लातूर, मिरज या सगळ्यांच्या तारखा दिल्या. मुलांसमोर बोलताना या तारखेपासून सुरुवात करा ही माझी विनंती आहे. आमच्या गावाला त्या स्टेशननं दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे.

तेरणाकाठ
दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. सुरुवात तिथूनच. गावात ज्यांच्या घरी त्या परिषदेच्या आठवणी आहेत त्यांना शाळेत बोलावता येईल का? मी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

इंजिनवेडा
वस्तीवरचा, मी बार्शी लाइटच्या इंजिनांचे नंबर पाठ केलेला माणूस, पण यापेक्षा मोठा प्रवासी या लाइननं नेला नसेल.

पुणेरी_पाहुणा
अवांतर: मागं तेरला गेलो होतो, गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायला. तिथलं लामतुरे संग्रहालय पाहिलं आणि थक्क झालो. तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जातं, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात लिहिलंय. म्हणजे या भागातून कापूस आणि कापड चाकांवर लादून समुद्राकडं न्यायचा धंदा दोन हजार वर्षांचा आहे. कॅलथ्रॉपनं फक्त चाकाखाली लोखंड घातलं.

अनुराधा_ढोकी
तेर आमच्या शेजारचं. पुढच्या वेळी आलात की घरी या, हुरड्याच्या दिवसांत या म्हणजे झालं.

मोडनिंबकर
हुरड्याचं आमंत्रण फक्त पुणेरी पाहुण्याला का, वाचकमात्रांना आहे?

लंगरपेठ
मिरजेच्या बाजूचा आहे मी, कवठे महांकाळ तालुका. ब्रॉडगेजनं लहान स्टेशनांना काय दिलं हा मूळ प्रश्न, त्यावर माझं.

एप्रिल 2016. लातूरला प्यायला पाणी नाही. मिरजेहून पाण्याची रेल्वे भरून लातूरला धाडली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी (टाकीचे मालडबे), पाच लाख लिटर. ती गाडी आमच्या ढालगाव-जत रोडवरून सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि मग तुमच्या कळंब रोडवरून लातूरला गेली. तीनशेचाळीसच्या आसपास किलोमीटर. तीच बार्शी लाइटची दोन टोकं, मिरज आणि लातूर! पुढं पन्नास-पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. नॅरोगेजवर हे शक्य नव्हतं. मिरजेला एवढं पाणी छोट्या वाघिणींत भरायचं म्हटलं तर किती गाड्या लागल्या असत्या, विचार करा.

पण दुसरी बाजूही सांगतो. आमचा भाग स्वतः दुष्काळी. आमच्या बाया टँकरपुढं घागरी लावून उभ्या, आणि शेजारून लाखो लिटर पाणी न थांबता निघून गेलं. कोणी दगड मारला नाही, कोणी गाडी अडवली नाही. लातूरची तहान आमच्या माणसांना समजत होती. त्याचं कुठं फारसं छापून आलं नाही.

सरहद्दीवरचा
आमच्या स्टेशनांवरही हेच. धाराशिव जिल्हा त्या वर्षी काही कमी होरपळला नव्हता.

हरंगूळकर
लंगरपेठ, मी ते पाणी प्यायलोय. तुमच्या गावाला माझा नमस्कार सांगा.

आणि तेरणाकाठदादा, हे वाचून माझ्या बोलण्यात एक भर घालतो. रूळ मोठे झाले हे योग्यच झालं. गाड्या कोणासाठी थांबतात हा वेगळा निर्णय आहे, आणि तो दरवर्षी वेळापत्रक करताना नव्यानं घेतला जातो. म्हणजे तो बदलताही येतो. भांडायचं असेल तर ब्रॉडगेजशी नको, थांब्यांसाठी भांडू.

तेरणाकाठ
हे मान्य. 'ब्रॉडगेजनं भलं केलं नाही' हे मी जरा ताणूनच लिहिलं, पण आमच्या फलाटावरून लांबच्या गाड्या न थांबता जातात तेव्हा तसंच वाटतं. सकाळी कॉलेजच्या आणि संध्याकाळी बाजाराच्या वेळेला एकेक थांबा एवढीच मागणी आहे. ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत येडशी, ढोकी, मुरुडचेही ठराव जोडले तर वजन पडेल.

अनुराधा_ढोकी
ढोकीचा माझ्याकडं लागला. महिला बचत गटांच्या सह्या वेगळ्या जोडू, कारण बाजाराला जास्त त्याच जातात.

इंजिनवेडा
रामलिंग घाटातल्या जुन्या मार्गाबद्दल एक सुचवू का? कॅलथ्रॉपनं बार्शीनंतर इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये याच मापाची लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाइन बांधली, 1904 ची. तिथंही किटसनचीच इंजिनं, एकाला तर त्याचंच नाव. ती 1934 ला बंद पडली आणि तीनच वर्षांत लोकांनी रुळांच्या जागी पायवाट केली. आज तिथं माणसं चालतात, सायकली चालवतात, जुन्या बोगद्यातून रस्ता जातो. आपल्याकडं घाटातली वळणं, जुने पूल, मोऱ्या जिथं शाबूत असतील तिथं वनखात्याची परवानगी घेऊन शाळेच्या मुलांची एक पायी सहल तरी काढता येईल. रूळ गेले तरी चढ तोच आहे; चालताना मुलांना तो पायाला कळेल.

बालाघाटी
अभयारण्य असल्यामुळे परवानगी आधी लागेलच, मी येडशीत चौकशी करतो. पावसाळा संपल्यावरच काढा, गवतात साप निघतात.

गँगमनचा_नातू
सहल निघाली तर मी येतो. आजोबांचा हातोडा घरी आहे, दांडा दोनदा बदललाय पण लोखंड तेच. एखादा रुळाचा तुकडा आणि एक चावी मिळाली तर मुलांना 'ठण्ण' आणि 'भद्' ऐकवता येईल.

वस्तीवरचा
तेरणाकाठ, व्यनि मिळाला. आमच्या गल्लीत दोन आजी आहेत ज्यांच्या सासऱ्यांनी परिषदेच्या मंडपाचं काम केलं होतं. त्या शाळेत यायला तयार आहेत, फक्त दुपारी नको म्हणतात, सकाळचीच वेळ ठरवा.

तेरणाकाठ
सकाळचीच ठरवतो. मुख्याध्यापकांशी बोलून तारीख इथंच टाकतो. सरहद्दीवरचा, तुमच्या आजोबांची हाली-कलदारची गोष्ट लिहून पाठवाल का? एखादं हालीचं नाणं कोणाकडं असेल तर मुलांना हातात घेऊन बघता येईल.

सरहद्दीवरचा
नाणं आहे. घेऊनच येतो.